ट्रीनाच्या कट्ट्याची कड

ट्रीना डाइकहाउसला समोरच्या माणसाचे कान दिसतात, नाक दिसत नाही. डोळ्यांच्या ऐन मध्यावर तीन वर्षांपूर्वी एक धुरकट डाग बसला, आणि दर हिवाळ्यात तो थोडा थोडा पसरतोय. ती म्हणते, "एक फायदा झाला. लॅम्बर्टच्या नाकावरचा राग आता दिसत नाही."

लॅम्बर्ट तिचा थोरला दीर. वय चौऱ्याऐंशी. समोरच्याच घरात राहतो. जन्मभर गवंडीकाम केलं. आमच्या झीलँड गावातली निम्मी धुराडी त्याच्या हातची. चर्चच्या पंचांत बसतो आणि खोटं बोलत नाही. ही शेवटची गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे आणि सगळ्यांनाच कधी ना कधी महागात पडली आहे.

ट्रीनाच्या बैठकीच्या खोलीतली फायरप्लेससुद्धा त्याचीच. चौऱ्याहत्तर साली ती लग्न होऊन आली, तेव्हा नवऱ्याने, आर्लिनने, आणि लॅम्बर्टने मिळून तिला ही भेट दिली होती. खोलीची एक अख्खी भिंत, जमिनीपासून छतापर्यंत, भट्टीत जास्त भाजलेल्या, जवळजवळ काळ्या विटांची. मधे आगीचं तोंड, आणि त्याच्यापुढे खोलीत दीड हात आलेला, नडगीएवढा उंच विटांचा कट्टा.

"आवडली?" आर्लिनने विचारलं होतं.

"भक्कम आहे," ती म्हणाली होती.

पन्नास वर्षांत त्या भिंतीबद्दल याहून जास्त ती कधी बोलली नाही. लोणच्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं पट्ट्यावरच्या काकड्या निवडल्या, एक मुलगी वाढवली, आर्लिनला पुरलं, आणि दर शनिवारी भिंतीवरची काजळी पुसली. दिवसाढवळ्या दिवा लावावा लागणाऱ्या त्या खोलीत तिने अख्खा संसार केला.

मग डोळे गेले. गालिचा तपकिरी, कट्टा तपकिरी, भिंत तपकिरी. तिच्यासाठी खोलीच्या त्या बाजूला नुसता एक खड्डा उरला. ऑक्टोबरमध्ये कट्ट्याला अडखळून पडली, तर गुडघ्यावर निभावलं. फेब्रुवारीत मनगट मोडलं. दोन्ही वेळा लॅम्बर्टने रस्ता ओलांडून तिला उचललं, आणि दोन्ही वेळा तिला खुर्चीत बसवल्याबरोबर मार्लाला फोन केला. मार्ला म्हणजे ती मुलगी. ग्रँड रॅपिड्स शहरात एका शाळेची मुख्याध्यापिका आहे, आणि आईशीही घंटा झाल्यासारखीच बोलते.

"सोमवारी दहाला पाहणीची बाई येतेय, आई. तिने घर सुरक्षित नाही म्हटलं, तर वृद्धाश्रमातली खोली मी पक्की करणार. आश्रमवाले बारापर्यंतच थांबणार आहेत."

हे सगळं ट्रीनाने मला गुरुवारी कुंपणापाशी सांगितलं. मी शेजारी राहते, तिचं बर्फ ओढते, बदल्यात वाटाण्याचं सूप मिळतं.

"पोरी, तुला चुना देता येतो?"

"स्वयंपाकघराला रंग दिलाय मी."

"रंग नाही म्हटलं. रंगाने वीट गुदमरते. पन्नास वर्षं जेवणाच्या टेबलावर हेच ऐकलंय मी. चुना. पांढरा. त्या कट्ट्याला आणि भिंतीला."

"लॅम्बर्टना विचारलंस?"

"त्याने मला विचारलं होतं?"

शनिवारी सकाळी आम्ही कामाला लागलो. आधी काजळी धुतली. सात बादल्या पाणी काळं झालं. मग ओल्या विटांवर चुन्याचा पहिला हात दिला. पातळ दुधासारखं ते पाणी विटांवरून ओघळलं आणि वीट होती तशीच काळी राहिली. मी पुन्हा फिरवलं. तरी काही नाही.

"दिसतंय का पांढरं?" ट्रीना खुर्चीतून विचारत होती.

"अं... यायला लागलंय."

"तुझ्या आवाजात नाही येत."

माझा धीर सुटला. डब्याच्या तळाशी बसलेला गाळ ढवळून काढला आणि दाट, जाड हात मारला. भिंतीवर, कट्ट्यावर, कट्ट्याच्या पुढच्या बाजूवर, कडेवर. आणखी एक मारला. चुना ओला असताना अंगचा रंग दाखवत नाही, वाळला की मगच पांढरा होतो, हे मला ठाऊक नव्हतं. ट्रीनाला ठाऊक असेल असं मी धरून चाललेले. तिला वाटलं, मला ठाऊक असेल.

दुपारी तीनला भिंत वाळली. बाहेर बर्फ, आत भिंत, डोळ्यांना दोन्ही सारखंच. खोली उजळली होती, यात शंका नाही. ट्रीना उठली. तिचा चेहरा कसा झाला होता! नवी नवरी घरात येते तसा.

"ए, थांब, मी हात धरते—"

"नको. पन्नास वर्षांत पहिल्यांदा या खोलीत दिव्याशिवाय उभी आहे मी."

ती चालत निघाली. गालिचा संपून पांढरं कुठे सुरू होतं ते तिला दिसत होतं. ते पांढरं वर कधी उचललं जातं ते दिसत नव्हतं. कट्ट्याची पुढची बाजू, कड आणि वरचा भाग मिळून एकच पांढरा गठ्ठा झाला होता. तिने सपाट जमीन समजून पाऊल टाकलं. नडगी कडेवर आदळली, ती पुढे झोकली गेली, आणि दोन्ही तळवे भिंतीवर टेकवून कशीबशी उभी राहिली.

"पडले नाही," ती भिंतीकडे तोंड करूनच म्हणाली. "पडले नाही ना?"

"धडकलीस," मागून आवाज आला.

स्वयंपाकघराच्या दारात लॅम्बर्ट उभा होता. इथे दार कुणी वाजवत नाही. टोपी हातात, बुटावर बर्फ. तो ट्रीनाकडे बघत नव्हता. भिंतीकडे बघत होता. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि मग थरामागून थर खालपर्यंत.

"हे कुणी केलं?"

"मी," मी म्हणाले.

"तू कुंचला धरलास. मी विचारतोय, केलं कुणी?"

"मी," ट्रीना वळली. नडगीवरून रक्ताची बारीक रेघ मोज्यात उतरत होती. "आता फोन कर मार्लाला. पाठ आहेच नंबर."

"करणारच आहे. त्याच्याआधी हे पुसा. अजून निघेल. ओलं करून घासलं तर आजच्या आज निघेल. उद्या रविवार. सोमवारपर्यंत चुना विटेत बसला, की मग मेलो तरी निघायचा नाही."

रविवार देवाचा, त्या दिवशी या घरात कात्रीसुद्धा हातात घेत नाहीत. बटण तुटलं तर सोमवारपर्यंत तुटकंच. त्यामुळे जे काही व्हायचं ते आजच, हे तिघांनाही कळत होतं.

"नाही पुसणार," ट्रीना म्हणाली.

"ट्रीना, ती वीट मी एकेक निवडून आणली होती. आर्लिन ट्रक चालवत होता, मी मागे बसलो होतो. दोन खेपा."

"माहीत आहे."

"आवडली नव्हती तर बोलायचं होतंस!"

"एकवीस वर्षांची होते रे. तुम्ही दोघे घामाने निथळत उभे. काय बोलणार होते मी?" ती थांबली. मग आवाज खाली आला. "तू पुसलीस, तर सोमवारी मी जाते. तो खड्डा परत आला की ती बाई एका मिनिटात नाही म्हणणार. आणि नाही पुसलीस, तरी जाते. आत्ताच बघितलंस ना? म्हणजे काळं असलं तरी जाते आणि पांढरं असलं तरी जाते. मला काहीतरी तिसरं सांग, लॅम्बर्ट. तू बांधलायस हा कट्टा. दुसऱ्या कुणाला विचारू?"

लॅम्बर्टने टोपी टेबलावर ठेवली. मग कट्ट्याजवळ आला, वाकता येईना म्हणून बुटाच्या टोकाने कडेवर ठकठक केलं.

"ही ओळ. कडेच्या उभ्या विटा. मोज, पोरी, किती आहेत?"

"बावीस."

"हिवाळ्यात परांची बांधून काम करायचो आम्ही," तो मला नाही, कट्ट्यालाच सांगत होता. "फळी पांढरी, खाली जमीन पांढरी, मधे वीस फूट. फळी संपली ते कळायचं नाही. म्हणून कडेला डांबराची रेघ ओढायचो. काळी. पायांना तेवढी पुरते." मग एकदम माझ्यावर डाफरला, "बघत काय बसलीस? बादली आण! पाणी गरम नको. आणि तारेचा ब्रश आणलास तर हात मोडीन, विटेला ओरखडे जातात!"

त्या बावीस विटा घासायला मी बसले. वाळलेला दाट थर घट्ट होत चालला होता. माझ्या तीन-तीन हातांनी तो असा चिकटलेला की दोन विटा होईपर्यंत पाव तास गेला. चुना वरच्या भागातूनही निघायला लागला आणि रेघ वेडीवाकडी झाली.

"सरळ! सरळ!" लॅम्बर्ट खुर्चीतून ओरडला. "ही काय नदी काढतेयस?"

"सरक," ट्रीना म्हणाली आणि माझ्या शेजारी गुडघ्यावर बसली. मोडलेल्या मनगटाचा हात तिने मांडीवर ठेवला, दुसऱ्या हाताचा रबरी मोजा दातांनी ओढून काढला.

"मोजा घाल! चुना आहे तो, कातडी जाईल!"

"मोज्यातून दरज लागत नाही हाताला."

तिने बोट विटांच्या सांध्यात घातलं. पन्नास वर्षं दर शनिवारी तिथूनच तिचं फडकं फिरलं होतं. एकेक सांधा ती बोटाने धरून ठेवायची, "इथपर्यंत," आणि मी तेवढंच घासायची. "इथपर्यंत. आता पुढची. इथपर्यंत." लॅम्बर्ट दर पाच मिनिटांनी तिचा हात पाण्यात बुडवायला लावायचा. सहा वाजता बावीस विटा उघड्या झाल्या. पांढऱ्यात एक काळी, सरळ रेघ. ट्रीनाची बोटं लाल झाली होती, दोन टोकांना फुटली होती.

लॅम्बर्टने फोनकडे एकदा पाहिलं, टोपी घातली आणि गेला. केला की नाही, कळलं नाही.

रविवारी चर्चनंतर नेहमीसारखी कॉफी ट्रीनाकडे झाली, बदामाचं सारण भरून भाजलेली लांब वळकटी, बँकेट, कापली गेली. पांढऱ्या भिंतीसमोर बसून तिघांनी हवेबद्दल गप्पा मारल्या. भिंतीला कुणी हात लावला नाही.

सोमवारी दहाला मार्ला आली, तिच्याबरोबर पाहणीची बाई, मिस ट्रान. ठेंगणी, शांत, बूट दारात काढणारी. मार्ला भिंत बघून जागीच थबकली.

"आई! हे काय?"

"उजेड," ट्रीना म्हणाली.

मिस ट्रानने सगळं घर पाहिलं. न्हाणीघर, जिना, चुलीची बटणं. मग बैठकीत येऊन वही उघडली.

"फेब्रुवारीनंतर पडणं? धडपडणं?"

"पडले नाही," ट्रीना म्हणाली.

बाईंनी लॅम्बर्टकडे पाहिलं. "तुम्ही समोरच राहता ना?"

लॅम्बर्टच्या गालात पेपरमिंट होतं. ते एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलं, तेवढंच. मी मनात म्हणत होते, एकदा, म्हाताऱ्या, आयुष्यात एकदाच.

"शनिवारी दुपारी कट्ट्याला धडकली," तो म्हणाला. "नडगी सोलली. मी पाहिलं."

मार्लाने डोळे मिटले. "झालं. मिस ट्रान, मला वाटतं आपण—"

"माझं संपलेलं नाही," लॅम्बर्ट म्हणाला. "तेव्हा ही काळी कड नव्हती. कड त्यानंतर काढली. तिला चालवून बघा. आणि दिवे बंद करून बघा, पडदे ओढून."

"काका, वेड लागलंय का? ती पडेल!"

"पडली तर मीच सामान बांधायला येईन. पण आधी चालू दे."

मिस ट्रानने ट्रीनाला विचारलं, "चालाल?"

"कॉफी घेऊन चालते," ट्रीना म्हणाली. "रोज तशीच चालते."

मी पडदे ओढले. खोली करडी झाली. ट्रीना स्वयंपाकघराच्या दारातून भरलेला कप घेऊन निघाली. मार्ला एक पाऊल पुढे सरकली. मिस ट्रानने हाताने तिला अडवलं. ट्रीना मान किंचित तिरकी करून चालत होती, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची तिची सवय. चार पावलं. पाच. कपातली कॉफी डुचमळली. सहाव्या पावलाला ती थांबली. कट्टा तिच्या बुटापासून वीतभर लांब होता. तिने पाय उचलला, त्या काळ्या रेघेच्या पलीकडे नीट ठेवला, दुसरा ठेवला. कप आगीच्या तोंडावरच्या फळीवर ठेवला. मग वळली, पायाने रेघ शोधली नाही, नुसती तिरकी नजर टाकली, आणि खाली उतरली.

मिस ट्रान लिहीत होती. खूप वेळ लिहीत होती.

"न्हाणीघरात दांडी बसवा," शेवटी ती म्हणाली. "जिन्याखालची सतरंजी काढा. ही रेघ अशीच उघडी ठेवा. एवढं केलंत तर माझी हरकत नाही."

मार्ला फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली. बारा वाजायला वीस मिनिटं होती. आम्ही चौघं इकडे कान लावून.

"हो... डाइकहाउस. ट्रीना डाइकहाउस... नाही. नको." तिने पलीकडचं ऐकून घेतलं. "ती खोली दुसऱ्या कुणाला द्या. मी सहा महिन्यांनी फोन करीन."

लॅम्बर्टने पेपरमिंट कडकन चावलं. ट्रीना हळूच कट्ट्यावर बसली, आणि फुटलेल्या बोटाने कडेच्या विटांचा एकेक सांधा चाचपू लागली.