दोन नावांचा अर्ज

व्हर्लिन टोलर वायोमिंगमध्ये जन्मला आणि जन्मभर वायोमिंगला जायचंय म्हणत राहिला. पश्चिम व्हर्जिनियातल्या आमच्या या कोळशाच्या तालुक्याचं नावही वायोमिंगच आहे. कोणी ठेवलं, का ठेवलं, देव जाणे. खरं वायोमिंग म्हणजे ते राज्य, इथून गाडीने तीन दिवस पश्चिमेला. खाणीत उतरणाऱ्या बुटक्या गाडीत आम्ही गुडघे छातीशी घेऊन बसलो की पाळीतलं कोणीतरी रोज विचारायचं, "काय व्हर्लिन, पोचलास का वायोमिंगला?" तो मांडीवरचा डबा सांभाळत म्हणायचा, "निघालोय रे. वाटेत आहे."

मी होबार्ट. सगळे होबी म्हणतात. सव्वीस वर्षं मी खाणीत कोळशाची गाडी हाकली, आणि व्हर्लिन माझ्यापुढे छताला भोकं पाडून लोखंडी सळया ठोकायचा, म्हणजे छत आमच्या डोक्यावर येऊ नये. कोळशाची धूळ काळी असते. त्याच्या भोकांतून यायची ती पांढरी, दगडाची, आणि ती जास्त वाईट. तोंडाला फडकं बांधायचा, पण घामाने ओलं झालं की काढून टाकायचा, कारण ओल्या फडक्यातून श्वास घेत बसलं तर काम उरकत नाही आणि मुकादम डोक्यावर उभा. मीही काढायचो. आम्ही सगळेच काढायचो, मूर्ख साले.

त्याला एल्क मारायचा होता. एल्क म्हणजे आमच्या इकडच्या हरणाच्या चौपट जनावर, शिंगं माणसाच्या उंचीची. व्हर्लिनने तो पहिल्यांदा पाहिला दवाखान्यातल्या जुन्या मासिकात, गार्लंडच्या, म्हणजे त्याच्या मुलाच्या जन्माच्या वेळी. बायको आत कळा सोसतेय आणि हा बाहेर ते पान फाडून खिशात घालतोय. ओमाने ते त्याला तीस वर्षं ऐकवलं. "माझं पोर बघायच्या आधी तू त्या जनावराचं तोंड बघितलंस," म्हणायची.

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण परवान्याला असतं, पेट्रोललाही असतं. व्हर्लिन सप्टेंबरात डोंगर पालथे घालून जिनसेंगची औषधी मुळं खणायचा, ती वाळवून विकायचा. लोकांची लाकडं फोडून द्यायचा. बुटांचे तळवे चारदा बदलले, बूट तेच. जे सुटे ते कॉफीच्या डब्यात. मग खाण बंद व्हायची, किंवा गार्लंड कशात तरी अडकायचा, की डबा रिकामा. व्हर्लिन कुरकुरत नसे. झाकण लावून तो डबा परत फळीवर ठेवायचा.

तिकडे जाऊन कोणालाही शिकार करता येत नाही. दरवर्षी अर्ज करायचा, सोडत निघते. नाव आलं नाही की एक गुण मिळतो. गुण साठत जातात, आणि चांगल्या जागेला जास्त गुण लागतात. दोन वर्षं अर्ज चुकवला की साठलेलं सगळं पाण्यात. व्हर्लिनने एकही वर्ष चुकवलं नाही. घरातली वीज तोडली होती त्या वर्षीही नाही. असे बारा गुण झाले.

त्याची जागा ठरलेली होती: तांबडं माळरान. सपाट, उघडं, झुडपं गुडघ्याएवढी, गाडी जवळपर्यंत जाते. सुरुवातीला तो डोंगरातल्या जागांचे नकाशे बघायचा. मग डॉक्टरने त्याच्या छातीचं चित्र उजेडापुढे धरलं, आणि डोंगरांचे नकाशे कपाटात गेले. फुप्फुसं निम्मी दगड झाली होती. घरापासून पत्रपेटीपर्यंत चालताना तो मध्ये एकदा थांबायचा, आणि थांबण्याचं कारण म्हणून कुत्र्याशी बोलायचा. माळरानावर मात्र असा माणूसही शिकार करू शकतो. बाराव्या गुणाला ते माळरान त्याच्या हाताशी आलं होतं.

आणि तेव्हाच मी मध्ये आलो.

अर्जाचा आणखी एक नियम आहे. दोघांनी मिळून एक अर्ज केला तर दोघांचे गुण एकत्र करून निम्मे धरतात. बारा आणि शून्य, म्हणजे सहा. सहामध्ये माळरान मिळत नाही. सहामध्ये डोंगर मिळतो. मला हा नियम ठाऊक नव्हता. तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे बोललो ते ऐकताना तुम्हाला तो ठाऊक असायला हवा.

त्या शरद ऋतूत माझी नदीन गेली. बेचाळीस वर्षांचा संसार, आणि शेवटचे पाच महिने नुसत्या नळ्या. जानेवारीत व्हर्लिन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात बसलो होतो. तीन दिवस चूल पेटली नव्हती. रायफल टेबलावर होती. साफ करायला काढली होती असं मी त्याला सांगितलं. साफ करायचं तेल काही टेबलावर नव्हतं.

त्याने रायफलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. घेवडा शिजत टाकला, मक्याचा पाव केला, पाव खालून करपला. माझ्यासमोर बसून मला खायला लावलं, लहान पोराला भरवतात तसं.

"यंदा माझं नाव लागतंय, होबी," तो म्हणाला.

"मलाही ने रे," मी म्हणालो. "इथे राहिलो तर माझं काही खरं नाही."

"येतोस?"

"येतो."

"मग ही मी घेऊन जातो," तो म्हणाला आणि रायफल उचलली. "हिच्यावरची दुर्बीण तिरकी बसलीय. नीट करून ऑक्टोबरात परत देतो."

दुर्बीण काही तिरकी नव्हती.

मे महिन्यात दोघांचीही नावं लागली. मी नाचलो. शपथेवर सांगतो, त्या अंगणात मी नाचलो. व्हर्लिन पायरीवर बसून हसत होता. जागा कुठली म्हणून मी विचारलंसुद्धा नाही. मला काय कळतंय त्यातलं.

ऑक्टोबरात निघालो. त्याचा जुना ट्रक, मागे तंबू, ओमाने बाटल्यांत भरून दिलेलं हरणाचं मटण आणि तिचं लोणचं. तीन दिवस तो खिडकीतून बघत होता. सपाट राज्यं सुरू झाली तसा म्हणाला, "होबी, इथे आभाळ खालपर्यंत येतं बघ." आमच्या खोऱ्यात आभाळ म्हणजे दोन डोंगरांमधली पट्टी. मी म्हटलं, "गाडी चालवतोय मी. तू बघ आणि मला सांग." तो सांगत राहिला.

रस्ता संपला तिथे समोर डोंगर उभा होता, भिंतीसारखा. तंबू ठोकला तिथेच हवा इतकी विरळ की माझंच डोकं दुखायला लागलं. व्हर्लिनचे ओठ निळसर. पहिले तीन दिवस तो तंबूपासून शंभर पावलांवर दगडाला टेकून बसला आणि मी एकटा वर जाऊन आलो. काही दिसलं नाही. खरं सांगायचं तर मी नीट शोधतही नव्हतो. त्याच्याशिवाय त्यात मजा नव्हती.

चौथ्या दिवशी पहाटे वरून एल्क ओरडला. आधी बारीक, मग चढत जाणारी शीळ. व्हर्लिन उभा राहिला.

"मी वर येतोय," तो म्हणाला.

"मरशील."

"हळूहळू येतो. तू पुढे हो."

जेमतेम अर्ध्या मैलाच्या त्या चढाला आम्हाला साडेतीन तास लागले. दहा पावलं, मग थांबायचं. तो माझा पट्टा मागून धरायचा. नंतर तर पाचच पावलं. वर पोचलो तेव्हा मोकळ्या जागेत एल्क उभा होता, दोनशे पावलांवर, मासिकातल्या त्या पानासारखा, अंगातून वाफ निघतेय. व्हर्लिन पोटावर पडला. रायफल दगडावर टेकवली. गालाला लावली. मी त्याचा खांदा बघत होतो. खांदा स्थिर झाला.

आणि त्याला खोकला आला.

तो खोकला मी सव्वीस वर्षं ऐकलाय. एकदा सुरू झाला की आतलं सगळं उलटं होऊन बाहेर येतं. एल्कने मान वर केली, आमच्याकडे बघितलं आणि सावकाश झाडीत गेला. धावलासुद्धा नाही. व्हर्लिन कुशीवर वळून खोकत होता, आणि त्याच्या तोंडाखाली बर्फावर काळं पडत होतं. पाच वर्षं झाली होती खाण सोडून, तरी काळं.

मी घाबरलो होतो. घाबरलो की माझ्या जिभेला हाड राहत नाही.

"अरे गाढवा," मी ओरडलो, "बारा वर्षं नकाशे घेऊन बसलास, आणि शेवटी ही जागा निवडलीस? धड चालता येत नाही आणि डोंगरावर अर्ज टाकतो! अक्कल कुठे गहाण टाकली होतीस?"

त्याने बाहीने तोंड पुसलं. "नकाशावर सपाट दिसत होतं रे," तो म्हणाला.

"कुठला आंधळा नकाशा बघितलास?"

"चुकलंच जरा."

मी त्याला खाली आणलं, थोडं पाठीवर, थोडं घसरत. परतीचे तीन दिवस मी त्याच्याशी धड बोललो नाही. रागावलो होतो. त्याने मला नदीनच्या स्वयंपाकघरातून उचलून बाहेर आणलं होतं, आणि मी त्याच्यावर रागावलो होतो. त्याने दोनदा म्हटलं, "दिसला तर खरं, होबी." मी मान हलवली फक्त.

फेब्रुवारीत व्हर्लिन गेला, खुर्चीत बसून. आडवं झाल्यावर त्याला श्वास घेता येत नसे.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात बायकांनी जेवण मांडलं होतं. मी ओमाशेजारी बसलो आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "तेवढी जागा नीट निवडली असती, तर त्याच्या मनासारखं झालं असतं."

ओमाने हातातला चमचा खाली ठेवला. तिने मला नियम सांगितला तो तिथे, बटाट्याच्या ताटलीसमोर. बारा आणि शून्य. माळरान. डोंगर.

"तुझ्याकडून आला तो थेट संगणकाशी गेला," ती म्हणाली. "अंगातला कोटही काढला नाही. उभ्या उभ्या तुझं नाव घातलं. मी म्हटलं, व्हर्लिन, वेड लागलंय का तुला? बारा वर्षं रे! तर म्हणतो, 'तो एकटा बसलाय, ओमा.' एवढंच. कॉफी ओतली होती मी त्याला. ती गरम होती तोवर अर्ज गेलासुद्धा."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर गेला असतास?"

मी उठून बाहेर गेलो. त्याच्या ट्रकला टेकून उभा राहिलो आणि रडलो. नदीनच्या वेळी इतका रडलो नव्हतो.

त्याला आता आठ वर्षं होतील. दर वर्षी मी अर्ज टाकला. माझे सात गुण झालेत. तांबड्या माळरानाला ते पुरत नाहीत, पण त्याच्या कडेला एक पट्टा आहे, तितकाच सपाट, तिथे सात चालतात. माझ्याही छातीचं चित्र डॉक्टरने उजेडापुढे धरलं. म्हणाला, जे करायचं असेल ते यंदा करा. मला तिथे जायचं होतं व्हर्लिनच्या वतीने. त्याचा एल्क मी मारीन, शिंगं आणून ओमाच्या ओसरीवर लावीन. असं मी स्वतःला सांगत आलोय. त्यात माझी स्वतःची हौस किती, हे मी कधी मोजलं नाही.

मागच्या आठवड्यात गार्लंड आला. व्हर्लिनचा मुलगा, आता अडतिसाचा. पाठ मोडली होती त्याची खाणीत. मग दुखण्यावरच्या गोळ्या, मग त्या गोळ्यांचं व्यसन, मग तुरुंग. अकरा महिने झाले, गोळीला शिवलेला नाही. अंगावर बापाचाच कोट होता, खांद्यात ढगळ.

"काका, अर्ज भरलास का यंदाचा?"

"का रे?"

"माझं नाव घालशील?" तो म्हणाला. माझ्याकडे न बघता, चुलीकडे बघत. "बाबा कुठे गेला होता ते बघायचंय. आणि खरं सांगू? इथे सगळे जुने दोस्त रोज दारात येतात. मला इथून बाहेर पडायचंय. चार दिवस का होईना. नाहीतर माझं काही खरं नाही."

तेच शब्द. त्याला कुठून ठाऊक असणार? माझ्याच टेबलापाशी, त्याच खुर्चीत.

सात आणि शून्य, म्हणजे साडेतीन.

"अरे, उशीर केलास," मी म्हणालो. "परवाच भरला मी. एकट्याचा."

"हां," तो म्हणाला. "बरं. पुढच्या वर्षी मग."

"पुढच्या वर्षी नक्की."

जाताना त्याने बाहेरची लाकडं आत आणून चुलीशी रचून दिली, मला वाकवत नाही म्हणून. मी खिडकीतून त्याला जाताना बघितलं. तो पुलापाशी थोडा वेळ उभा राहिला, आणि मग घराकडे न वळता खाली गावाकडे गेला.

अर्जाची मुदत संपायला चार दिवस होते. मी कॉफी केली आणि संगणकाशी बसलो. माझं नाव लिहिलं. त्याखाली दुसऱ्या नावाची जागा असते, ती बघत बसलो. कॉफी गार झाली. दुसरी केली, तीही गार झाली. मग ती जागा तशीच रिकामी ठेवून मी अर्ज पाठवून दिला.