तिसरं नोझल कुणी बसवलं?

आधीच सांगून ठेवतो, मी असले अनुभव वाचून हसणारा माणूस आहे. बाहेरची बाधा, उतारा, अंगात येणं... आमच्या घरात हे कधी चाललंच नाही. मी ट्रॅक्टरचा मिस्त्री. इंजिन बंद पडलं तर त्याला कारण असतं, आणि कारण सापडत नसेल तर मिस्त्री कच्चा. तरी लिहितोय, कारण या एका गोष्टीत इतकी वर्षं मीच कच्चा निघालोय.

२००३ साल. हिंगोली जिल्ह्यात साखऱ्याच्या अलीकडं एक तांडा आहे. तिथल्या शेवंतामावशींचं तीन सिलिंडरचं ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागलं होतं. दसरा होऊन गेलेला. तांड्यातल्या बारा घरांचं सोयाबीन कापून ढिगानं पडलेलं, मळणीयंत्र चालायचं त्याच एका ट्रॅक्टरवर, आणि वर आभाळ भरून येत होतं. नोझल बदलायचे होते. नोझल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणारा भाग, इंजिनाच्या हेडमध्ये बसवलेला असतो. तिन्हींचे बोल्ट सोडले, तिन्हींना पाना लावून पाहिला... एकही जागचं हलेना. जोर करताना हेडला तडा गेला असता तर नवीन यायला आठ दिवस, आणि तोवर ढिगातल्या सोयाबीनला मोड फुटले असते.

"काहून निघून नाही राहिले रे गजू?" मावशींनी विचारलं.

"डिझेलच भेसळीचं येतंय, मावशी. त्यानं धरतात."

खोटं बोललो. चार वर्षांपूर्वी ते मीच बसवले होते, आत्ता ट्रॅक्टर उभं होतं त्याच लिंबाखाली, घाईत, कोरडेच.

आमचे बाबाही मिस्त्री होते. नोझल बसवताना ते त्याच्या अंगाला बोटानं ग्रीस लावायचे – पुढच्या माणसाला सहज निघावं म्हणून. आणि खालच्या तांब्याच्या वायसरवर, म्हणजे चकतीवर, छन्नीनं दोन बारीक खुणा करायचे. खुणा कशाला, विचारलं तर म्हणायचे, "न्हाई निघालं तर शिव्या कोणाला द्यायच्या, ते कळाय पाहिजे ना त्याला." मला त्या ग्रीसचा कंटाळा यायचा. एकदा चिडून बोललो, "पुढचा माणूस काय आपला सोयरा लागतो का?" त्यांनी माझ्या हातातलं नोझल घेतलं, स्वतः ग्रीस लावलं आणि परत दिलं. १९९७ ला बाबा गेले. मावशींचं ट्रॅक्टर शोरूममधून आलं त्याच्या पुढच्या वर्षी.

असो. नोझल ओढायचं अवजार मी घरीच केलेलं – सळईच्या एका टोकाला नट वेल्ड केलेला, वर अडण, आणि मधे सरकणारा लोखंडी ठोकळा. नट नोझलच्या आट्यांवर चढवायचा आणि ठोकळा वर अडणीला आपटायचा. डिझेल सोडा, आपटा, पान्यानं हलवा, परत आपटा. पहिल्या नोझलनं अख्खा दिवस खाल्ला. दुसरं निघेपर्यंत दुसऱ्या दिवशीची दुपार झाली, आणि तोवर माझ्या नटाचे आटे पार झिजून गेले. हाताची सालटं निघाली होती. बाबांची लई आठवण आली, आणि लाजही वाटली. पुढचा माणूस मीच निघालो होतो.

मावशी चहा घेऊन आल्या. आता तिसरं धरायचं कशानं, सुचेना. निदान डिझेल तरी मुरू द्यावं म्हणून त्याच्याभोवती बोट फिरवलं... आणि नोझल बोटाबरोबर फिरलं. दोन बोटांत धरलं, तर अलगद वर आलं. अंगाला ग्रीस होतं. काळवंडलेलं, पण ओलं. खाली चिकटलेल्या वायसरवर छन्नीच्या दोन खुणा होत्या.

मी ते पुसून उजेडात धरलं.

"काय झालं रे? तोंड काहून उतरलं?"

"मावशी, डिझेलचा दोष नव्हता. तिन्ही मीच बसवले होते. कोरडे."

मावशींनी नोझल हातात घेतलं, अंगठ्यानं ग्रीस चोळून पाहिलं, आणि शांतपणे विचारलं, "मंग हे कोणी बसवलं?"

आता काही जण म्हणतील, वायसर बाबांच्या डब्यातलं असेल. नव्हतं. चार वर्षांपूर्वी हिंगोलीहून आणलेलं नव्या वायसरांचं पाकीट मी तिथंच फोडलं होतं. दुसऱ्या मिस्त्रीचा हात त्या इंजिनाला लागला नाही, हे मावशी आजही शपथेवर सांगतात. माझी बायको म्हणते, तुमीच लावलं असंल आन् विसरला असाल. असेलही. पण तशा खुणा मी तोवर आयुष्यात कधी केल्या नव्हत्या. आणि काल जाम असलेलं नोझल आज दोन बोटांनी कसं निघालं, याला बायकोकडंही उत्तर नाही.

बारा घरांचं सोयाबीन पावसाच्या आदल्या दिवशी पोत्यात गेलं. ते वायसर माझ्याकडं आहे, अधूनमधून काढून बघतो.

त्या दिवशी नवे नोझल बसवताना तिन्हींना ग्रीस लावलं. मग वायसर दगडावर ठेवलं, छन्नी घेतली आणि जरा थांबलो. दोन खुणा बाबांच्या होत्या. मी एकच केली.