भुरीच्या अंगावरचं लाल मखमल

मास्तरांनी जन्मभर माणसांची मापं घेतली, कपडे शिवले. कोंबड्यांच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत. घरामागचं खुराडं म्हणजे बायकोचं राज्य. ती मागे कोंबड्यांत, हे पुढच्या खोलीत शिवणयंत्रावर, मध्ये स्वयंपाकघर. संसार असा बिनबोभाट चालला होता. मग ती ओल्या फरशीवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि दवाखान्यातून लेकीने तिला आपल्याकडे नेलं. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "माझ्या भुरीला सांभाळा हो. गरीब आहे ती."

भुरी कळपात सगळ्यांच्या मागची. ठाणेदारीण नावाची एक जाडजूड काळी कोंबडी होती. दाण्यावर पहिली चोच तिची, मग बाकीच्यांची, उरलंसुरलं भुरीला. म्हणून बायको भुरीपुरते दाणे रोज वेगळ्या कोपऱ्यात टाकायची. मास्तरांना याचा पत्ता नव्हता. ते सगळे दाणे एकाच पाटीत ओतून मोकळे व्हायचे. भुरी पाटीपाशी आली की ठाणेदारीण तिला टोचायची आणि तिचं पाहून बाकीच्याही हात धुऊन घ्यायच्या. मास्तरांच्या लक्षात आलं तेव्हा भुरीच्या शेपटीजवळची पिसं गेली होती आणि खालचं मांस उघडं पडलं होतं.

त्यांनी जखम धुतली. पुढे काय करावं, ते सुचेना. उघडं काही दिसलं की मास्तरांना कापडच आठवायचं. त्यांनी भुरीच्या पाठीचं माप घेतलं, चिंध्यांच्या पेटीतला सगळ्यात चांगला तुकडा काढला, लाल मखमलीचा, आणि पंखांखालून नाड्या घेऊन पाठीवर बसेल अशी झूल शिवली. बेतली होती अगदी अंगाबरोबर. समाधानाने त्यांनी तिला कळपात सोडलं.

कोंबड्या क्षणभर माना वाकड्या करून बघत राहिल्या. मग सगळ्या एकदम तुटून पडल्या. मास्तर गजपट्टी घेऊन धावले, पण भुरीला उचलेपर्यंत मखमलीच्या चिंध्या झाल्या होत्या आणि जखम दुप्पट झाली होती.

त्यांनी तिला पुढच्या खोलीत खोक्यात ठेवलं. भुरी भिंतीकडे तोंड करून बसली, दाण्याला शिवेना. संध्याकाळी बायकोचा फोन आला की मास्तर म्हणायचे, बरी आहे.  एकदा मात्र त्यांनी सगळं सांगून टाकलं.



"लाल?" ती म्हणाली. "अहो, लाल दिसलं की त्या टोचतातच. जखमेवर ते निळं औषध लावा. आणि भुरीला घरात कोंडू नका. त्या ठाणेदारणीला आत आणा, म्हणजे तिचा तोरा उतरेल. भुरी बाहेर, जाळीआड, पण बाकीच्यांना दिसेल अशी. नाहीतर परत गेल्यावर तिला परकी समजून मारून टाकतील."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

मास्तरांनी फोन ठेवला आणि तसेच बसून राहिले. इतक्या वर्षांत एकदाही नाही. ते आठवून आठवून पाहत होते.

मग ते उठले. खोक्यात आता ठाणेदारीण आली. एका गिऱ्हाइकाने विचारलं, हिचं काय शिवताय? मास्तर म्हणाले, "अटकेत आहे." भुरी जाळीआडून बाकीच्यांकडे बघायची. जाळीपलीकडच्या दाणे टिपू लागल्या, तशी तीही हळूहळू टिपू लागली. जखमेवर खपली धरली तेव्हा, बायकोच्या सांगण्यावरून, अंधार पडताना त्यांनी तिला खुराड्यातल्या दांडीवर बाकीच्यांच्या शेजारी बसवलं. सकाळी कुणी तिच्या वाटेला गेलं नाही.

बायको घरी आली ती वॉकर घेऊन. मागच्या पायऱ्या काही तिला उतरता येईनात, म्हणून मास्तरांनी दारात खुर्ची ठेवली. भुरी अंगणात होती, मागची बाजू निळी, बोडकी. बायको तिच्याकडे पाहत राहिली. डोळ्यांना पदर लावला.

मास्तर दाण्यांचा डबा घेऊन खाली उभे होते.

"आधी कुणाला टाकू?" त्यांनी विचारलं.

तिने बोटाने दाखवलं. त्यांनी तिथे टाकले. मग दुसरीकडे. मग आणखी विचारलं, ठाणेदारणीला आता सोडायचं का?

"उद्या बघू," ती म्हणाली. "आज सगळ्या शांत आहेत."