खंडेनवमीचा मायक्रोस्कोप

मिरजेच्या विज्ञान शिक्षकांच्या कार्यशाळेला येताना प्रत्येक शाळेने आपला मायक्रोस्कोप आणायचा होता. आमच्या वडूजच्या शाळेचा मायक्रोस्कोप सरांनी एसटीत मांडीवर घेतला, तो मिरज येईपर्यंत सोडला नाही. मी म्हटलं, "सर, वर रॅकवर ठेवा की."

"आवं मॅडम, लेकरू कोण रॅकवर ठेवतंय व्हय?"

सर माझ्या कितीतरी आधीपासून विज्ञान शिकवत होते आणि मे महिन्यात निवृत्त होणार होते. जन्मभर त्यांनी फळ्यावर अमिबा काढला. खडू न उचलता, एका दमात, आणि इतका देखणा की डस्टर फिरवायला जीव होत नसे. पण जिता अमिबा काही त्यांनी पाहिला नव्हता. मायक्रोस्कोप कायम कपाटात कुलूपबंद. बाहेर यायचा तो खंडेनवमीला, शिपायाच्या कुदळ-फावड्याशेजारी हळदीकुंकू लावून घ्यायला. "एकदा डोळ्यानं बघितला की सुटलो," सर म्हणायचे. आता ही शेवटची संधी होती.

मिरजेत सगळ्यांना तळ्यावर नेलं तेव्हा आम्ही बाकीचे काठावरचं शेवाळ चिमटीत धरून नाकं मुरडत होतो. सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून थेट चिखलात! कुजक्या पानांखालचा गाळ बाटलीत भरून आले. प्रयोगशाळेत परतल्यावर त्यांनी थेंब काचेवर घेतला, डोळा लावला आणि ओरडलेच, "दिसला! लाल हाय!"

कार्यशाळेत शिकवणारी ताई त्यांच्या लेकीच्या वयाची होती. तिने वाकून पाहिलं आणि वरचं भिंग जरासं फिरवलं. अमिबाही फिरला. "सर," ती हळूच म्हणाली, "हे भिंगावरचं कुंकू आहे."

सगळे खो खो हसले. मीही हसले, पण सरांचं तोंड बघितलं आणि थांबले. ते कापड घेऊन भिंग पुसत बसले. कित्येक दसरे त्या कापडावर उतरले. संध्याकाळपर्यंत त्यांनी थेंबामागून थेंब पाहिला, पण अमिबा काही सापडला नाही. ताईने अमिबाची तयार काच पुढे केली, तर म्हणाले, "वाळलेला नको. जिता पायजे." मग तिने युक्ती सांगितली: बाटलीत तांदळाचे दोन दाणे टाका, सावलीत ठेवा आणि धीर धरा.

मे महिन्यात शाल-श्रीफळ झालं. भाषणांत सगळ्यांनी त्यांच्या आकृत्यांचीच तारीफ केली. सर नुसते ओठांनी हसले. मला फार वाईट वाटलं.

परवा खंडेनवमीला सर शाळेत हजर. हातात कुंकवाचा करंडा बघून मी मायक्रोस्कोपवर हात आडवा धरला. पण कुंकू त्यांनी त्याच्या लाकडी पेटीला लावलं आणि पिशवीतून बाटली काढली. "बायकू लय शिव्या देती हिच्या वासानं," म्हणाले, आणि मायक्रोस्कोप खिडकीतल्या उन्हाकडे वळवून बसले. पोरं जमली. एक थेंब झाला, दुसरा झाला. नंतरच्या एका थेंबावर सर हललेच नाहीत. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, तेव्हा मला कळलं.

मी डोळा लावला. एक पारदर्शक, ओबडधोबड जीव इकडे हात काढत होता, तिकडे पाय काढत होता, एका जागी ठरत म्हणून नव्हता.

"मॅडम," सर नाक ओढत म्हणाले, "फळ्यावर लय गप बसवला वो म्या ह्याला."