एकटीला सोडवता येणारी गाडी

नवऱ्याने लवकर निवृत्ती घेतली आणि थोड्याच दिवसांत मोटरहोमचा विषय काढला. ऑस्ट्रेलियात, पर्थजवळ, एक वयस्क गृहस्थ आपलं मोटरहोम भाड्याने देतात. आत पलंग, शेगडी, फ्रिज, संडास सगळं आहे. दोन महिने त्यातच राहायचं आणि किनाऱ्या-किनाऱ्याने फिरायचं. मी सगळं ऐकून घेतलं, कागद पुढे ओढला आणि सर्वांत वर एकच अट लिहिली: मागे एक छोटी गाडी हवी, आणि ती मला एकटीला सोडवता आली पाहिजे.

अटीचं कारण आई. ती इथेच, आमच्याच शहरात, बिशान भागात माझ्या धाकट्या भावाकडे राहते. तिचं हृदय अशक्त झालं आहे. डॉक्टर म्हणतात, तुम्ही खुशाल जाऊन या; पण हमी कोणी देत नाही. फोन आला तर मोटरहोमचा पाण्याचा पाइप काढा, विजेची वायर गुंडाळा, खुर्च्या आत घ्या, हे करत बसायला मला वेळ नसणार. छोट्या गाडीत बसायचं आणि थेट विमानतळ गाठायचा. हे जमणार नसेल तर मी आपली इथे क्लेमेंटीच्या आमच्या फ्लॅटमध्येच बरी.

मोटरहोमवाल्यांकडे स्वतःची एक छोटी गाडी होती, गिअरची. ती मागे जोडण्याचे दोन प्रकार त्यांनी सुचवले. एक म्हणजे ए-फ्रेम: गाडीच्या पुढच्या बाजूला लोखंडी त्रिकोण बसवायचा, त्याचं टोक मोटरहोमच्या मागच्या गोळ्यावर अडकवायचं, आणि गाडी आपल्या चारही चाकांवर मागे धावत येते. दुसरा प्रकार ट्रेलर: गाडी चढवायची, चारही चाकं पट्ट्यांनी आवळायची, आणि ती उभ्या उभ्या प्रवास करते. तिसराही एक प्रकार असतो, पुढची दोन चाकं उचलून न्यायचा, पण त्यात नियमांची कटकट आहे असं तेच म्हणाले. तो मी लगेच खोडला.

नवरा म्हणाला, "ए-फ्रेम. प्रश्नच नाही."

इथे मला पहिल्यांदा खटकलं. हा माणूस आयुष्यभर इंजिनिअर. नवीन फोन घेतला की आधी कव्हर घेतो, मग कव्हरला पाऊच घेतो. चाळीस वर्षं टिकेल असं कपाट हवं म्हणून त्याने एकदा दुकानदाराला बिजागऱ्या उघडून दाखवायला लावल्या होत्या. दुसऱ्याची गाडी हजारो किलोमीटर रस्त्यावर घासत न्यायची आणि ट्रेलरवर सुरक्षित न्यायची, यात तो घासत न्यायची निवडतो?

"का?" मी विचारलं.

"हलकं पडतं. ट्रेलर रिकामा झाला की ठेवायचा कुठे? आणि तुला गाडी उतारावरून रिव्हर्समध्ये उतरवावी लागेल. शेवटची रिव्हर्स कधी घेतली होतीस?"

हे खरं होतं. लायसन्स आहे आणि गाडी नाही, अशी इथली निम्मी माणसं आहेत. गाडी घेण्याच्या परवान्याचा भाव ऐकला की माणूस गुपचूप एमआरटीकडे, म्हणजे इथल्या मेट्रोकडे वळतो. पण मुद्दा रिव्हर्सचा नव्हता, एकटीने सोडवण्याचा होता. म्हणून मी मोटरहोमवाल्यांना व्हिडिओ कॉल लावला. ते त्यांच्या अंगणात उभे होते, मागे गाडी जोडलेली.

"एकट्याने सुटते का?" मी विचारलं.

"सुटते ना. मी नेहमी सोडवतो."

"एकटे?"

"मी आणि माझी बायको."

"त्या काय करतात?"

"काही नाही. ती फक्त मोटरहोम जरा पुढे-मागे घेते. सपाट जागा नसेल तर फ्रेम ताणून बसते, मग निघत नाही. तिने जरा हलवलं की सैल होते."

मग त्यांनी करून दाखवायला सुरुवात केली, आणि नेमकं ओढून काढायच्या वेळी फोन खाली ठेवला. मला त्यांच्या अंगणातलं गवत आणि एक चप्पल दिसत राहिली. बऱ्याच वेळाने फोन वर आला तेव्हा गाडी सुटलेली होती आणि त्यांना धाप लागली होती.

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो फ्रिजमधून ताक काढत होता.

"म्हणजे दोन माणसं लागतात," मी म्हणाले.

"कधी कधी."

"फोन येणार तो काय सपाट जागा बघून येणार आहे?"

"मी असेन ना तिथे."

"तू आंघोळीला गेला असशील. तू मासे पकडायला गेला असशील."

"मला मासे पकडता येत नाहीत."

"तेच म्हणते मी. तासन्‌तास लागतील तुला."

त्याने ताक प्यायलं आणि विषय बदलला. माझा नवरा वादात विषय बदलत नाही, तो मुद्द्यांना नंबर देतो. मला दुसऱ्यांदा खटकलं.

रविवारी सकाळी आम्ही बिशानला जातो. आईची सकाळची वंदना म्हणून होते, मग सगळे पोहे खातात. त्या दिवशी भाऊ माझ्या ताटात शेव घालता घालता म्हणाला, "ताई, जास्त डोकं लावू नकोस. ए-फ्रेमच घे. सुटसुटीत असते."

माझा भाऊ बँकेत आहे. बस, एमआरटी आणि पायी, एवढाच त्याचा वाहनांशी संबंध. गाडीचं बॉनेट कुठल्या बाजूला असतं हे तो विचार करून सांगेल. मी त्याला ट्रिपचं सांगितलं होतं, मोटरहोमचंही. पण ए-फ्रेम हा शब्द माझ्या तोंडून त्या घरात निघालेला नव्हता.

"तुला कोणी सांगितलं रे?" मी विचारलं.

"असंच. वाचलं कुठेतरी."

भाऊ आणि नवरा, दोघांनी एकदम पोह्यात लिंबू पिळायला घेतलं. लिंबू एकच होतं.

मी आईकडे पाहिलं. ती शांतपणे खात होती, जरा जास्तच शांतपणे. परतताना ट्रेनमध्ये मी मनात सगळं मांडलं. दोघं मिळून माझ्यापासून काहीतरी लपवत होते. आईची तब्येत मला सांगतात त्याहून वाईट आहे का? की मी जाऊच नये असं त्यांना वाटतं? पण मग सरळ "जाऊ नको" म्हणाले असते. जा म्हणायचं, आणि गाडी मात्र अशी जोडायची की मला सोडवता येऊ नये, हे कशासाठी?

मी ठरवलं, आधी ट्रेलरचा आक्षेप निकालात काढायचा. तासांच्या हिशोबाने मिळणारी एक गाडी ॲपवरून घेतली आणि आमच्या ब्लॉकशेजारच्या पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर नेली. तिथे ऊन असतं म्हणून दुपारी कोणी गाडी लावत नाही. जमिनीवर मास्किंग टेपचे दोन लांब पट्टे चिकटवले, ट्रेलरच्या उतरत्या फळ्यांच्या रुंदीचे. मागची-पुढची चाकं त्या पट्ट्यांवरून न घसरता रिव्हर्स यायचं. नवरा छत्री घेऊन मागे उभा राहिला आणि हात हलवून दिशा सांगू लागला.

"डावीकडे. डावीकडे. अगं, डावीकडे."

मी डावीकडे घेतलं आणि चाक पट्ट्याच्या बाहेर. परत पुढे, परत मागे. परत बाहेर. कपडे वाळत घातल्यासारखी सायकल खांद्यावर टाकून एक म्हातारे चिनी काका जिन्याने वर आले, थोडा वेळ बघत राहिले आणि इथल्या सवयीने वाक्याला 'लाह'चं शेपूट लावत म्हणाले, "आंटी, टेस्ट आहे का? हा माणूस चुकीचं सांगतोय, लाह."

काका खाली गेले. मी इंजिन बंद केलं आणि काच खाली केली.

"तू मुद्दाम चुकीचं सांगतोयस."

"नाही गं."

"ए-फ्रेम हा शब्द भावाला कोणी सांगितला?"

तो छत्री मिटून गाडीच्या सावलीत आला. उन्हाने त्याचं डोकं लाल झालं होतं.

"त्याने मला फोन केला होता," तो म्हणाला. "म्हणाला, भावोजी, काही झालं तर मला ताईला कळवावंच लागेल. आणि कळलं की ती त्याच मिनिटाला एकटी निघेल, अनोळखी रस्त्यावर, रडत. गाडी अशी जोडा की तुमच्याशिवाय तिला सुटणार नाही."

"आणि तू हो म्हणालास."

"हो म्हणालो. मला पटलं."

"मी रडत गाडी चालवते असं तुम्हाला वाटतं?"

"तू गाडीच चालवत नाहीस. म्हणून तर."

मला राग आला, आणि त्या रागाला धरायला जागा मिळेना. मी त्याला जिन्यापाशी जाऊन उभं राहायला सांगितलं, माझ्याकडे पाठ करून. मग कोणाच्या हाताकडे न बघता फक्त आरशांत बघत गाडी मागे घेतली. तिसऱ्या खेपेला चारही चाकं पट्ट्यांवर राहिली. खात्रीसाठी आणखी एकदा घेतली. राहिली.

संध्याकाळी मी एकटीच बिशानला गेले. भाऊ ऑफिसातून यायचा होता. आई मटार सोलत होती. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "तुझ्या मुलाने असं करायला नको होतं."

"त्याला मी सांगितलं होतं," आई म्हणाली.

मला हे सुचलं नव्हतं. तिच्यावर मी संशयच घेतला नव्हता.

"बाबांच्या वेळी आठवतंय?" ती म्हणाली. "मी नागपुरात, तू इथे. रात्री उशिरा तू इथल्या चांगी विमानतळावरून फोन केलास. पिशवीत दोन चार्जर होते, माझ्यासाठी गुडघ्याचा पट्टा होता, सुकामेवा होता. पासपोर्ट नव्हता. जावई दुसरी टॅक्सी करून घेऊन आले म्हणून तू पोचलीस." तिने एक शेंग माझ्याकडे ढकलली. "तू हुशार आहेस. पण त्या दिवशी तू हुशार नसतेस. कोणीच नसतं. म्हणून सोबत कोणी तरी हवं."

मी शेंगा सोलल्या. ती म्हणते ते तसंच घडलं होतं, चार्जरसकट.

"पण मी अडकून राहणार नाही, आई," मी शेवटी म्हणाले. "ते मला चालणार नाही."

"अडकू नकोस. एकटी जाऊ नकोस एवढंच. मी काही तुझ्या गाडीच्या वेळापत्रकावर जाणार नाहीये. आणि मटार आहेत ते संपव, ती वाटाण्यांची साल खाली पडली बघ."

घरी येऊन मी मोटरहोमवाल्यांना कळवलं: ट्रेलर. चारही पट्टे कसे सुटतात, फळ्या कशा लावायच्या, याचा व्हिडिओ फोन खाली न ठेवता काढून पाठवा. नवऱ्याने माझ्या मागे उभं राहून वाचलं. उशिरा एवढंच विचारलं, "म्हणजे तू एकटी सोडवणार."

"सोडवता आली पाहिजे, असं लिहिलं होतं मी. एकटी सोडवीन असं नव्हतं लिहिलं."

पर्थला पोचल्यावर गाडी ट्रेलरवर चढवली, पट्टे आवळले, आणि मोटरहोमवाल्यांनी अंगठा दाखवला. नवरा मोटरहोममध्ये चढून आरसे लावू लागला. मी ट्रेलरवर चढले, छोट्या गाडीचं दार उघडलं आणि पुढच्या कप्प्यात पासपोर्ट ठेवले. आधी माझा, त्याच्यावर त्याचा, दोन्हींना एकच रबर.