मुकादमाची कोरडी वाळू

मार्चची नऊ तारीख, रविवार, संध्याकाळचे सहा. ठिकाण ऐरोलीतला एक प्राण्यांचा दवाखाना. रक्कम रुपये १,६०० — चार दिवसांच्या मुक्कामाचे, रोजचे चारशे प्रमाणे, आगाऊ. हजर माणसं तीन : मी, माझी बायको नीता आणि तिथल्या डॉक्टर मॅडम. आणि ज्याच्यासाठी पैसे भरले तो आमचा बोका.

हे आधीच लिहून टाकतोय, कारण पुढचं वाचून तुम्हाला वाटेल की या माणसाला नीट आठवत तरी आहे का. आठवतंय. माझी नोकरीच तशी आहे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका वजनकाट्यावर मी बावीस वर्षं बसतोय. भरलेला ट्रक काट्यावर आला की वजन लिहायचं, माल उतरवून रिकामा आला की परत लिहायचं. वजाबाकी केली की माल किती ते कळतं. यात भूतबाधा, करणी असलं काही बसत नाही. या सदरातले अनुभव मी वाचत आलोय, पण करमणूक म्हणून... खरं सांगायचं तर निम्मे अर्ध्यावर हसून सोडलेत. आज हसायची पाळी तुमची.

आम्ही कोपरखैरण्याला राहतो. चौथा मजला, एक बेडरूम, किचन आणि हॉल. मुलगी पुण्याला शिकते, त्यामुळे घरात तिघं — मी, नीता आणि माझे वडील. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. वय एक्याऐंशी. मूळ गाव पाटण तालुक्यात, पण पस्तीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर पोती वाहिली. आता गुडघे गेलेत. हॉलमध्ये बाल्कनीच्या दाराशी त्यांची कॉट आहे, दिवस तिथेच जातो.

बोका आबांचा. सहा वर्षांपूर्वी जिन्यात सापडलेलं पिल्लू त्यांनी खिशात घालून वर आणलं. नाव ठेवलं मुकादम. का, तर "स्वतः काय करत न्हाय, बसून समद्यांची कामं बगतो." दवाखान्यात पहिल्यांदा नाव सांगितलं तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आडनाव नको सर, पेशंटचं नाव सांगा."

सहा वर्षांत मुकादमाने घरात कधी घाण केली नव्हती. बाथरूममध्ये वाळूचा ट्रे, तिथेच जायचा. फेब्रुवारीच्या मध्यापासून हॉलमध्ये लघवी सापडू लागली. रोज एकाच जागी — आबांच्या कॉटपासून अडीच फुटांवर, बाल्कनीच्या दारापासून तिसरी फरशी. रोज दुपारी तीन ते चारच्या मध्ये. त्या वेळी मी कामावर असतो, नीता शाळेच्या ऑफिसमधून चारला येते, आणि आबा झोपलेले असतात. करताना कुणी पाहिलं नाही. शनिवारी-रविवारी आम्ही घरात असलो तरी नेमकं आत-बाहेर करताना व्हायचं.

जे करतात ते सगळं केलं. लिंबू, व्हिनेगर, सोडा, दुकानातला दोन प्रकारचा स्प्रे. नवी वाळू, नवा ट्रे. प्लंबर बोलावला, त्या फरशीखालून कुठलीच पाइपलाइन जात नाही म्हणाला. वास तर लघवीचाच, शंकेला जागाच ठेवत नव्हता. दवाखान्यात मुकादमाची लघवी तपासली, ती स्वच्छ निघाली.

तेव्हाच डॉक्टर मॅडमनी चाचरत विचारलं, "सर, घरी कोणी वयस्कर आहे का? म्हणजे... कधी कधी आपण उगाच प्राण्याला दोष देतो."

परतताना रिक्षात नीता म्हणाली, "ट्रेमध्ये रोज ओला गोळा असतोच की. तो ट्रे वापरतोय."

"म्हणजे तुला काय म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. गुडघे धरून रोज पुसते मी. बोका करत असेल तर तुमच्या ओळखीच्या गोडाऊनला देऊन टाका, तिथे उंदीर आहेत. आणि आबा करत असतील तर..." थोरल्या भावाचं घर गावी आहे, आणि आबांना तिथे एक दिवस राहायचं नसतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

म्हणून मी काट्यावर करतात तसंच करायचं ठरवलं. आधी भरलेली गाडी, मग रिकामी. नीताला सांगितलं, आठवडाभर पुसायच्या आधी आणि नंतर कपड्याचं वजन घे, किचनच्या काट्यावर, पिशवीत घालून.

"आता मुताचीपण पावती फाडा तुम्ही," ती म्हणाली. पण वजनं घेतली. ती माझ्या डायरीत आहेत. साठ ग्रॅमच्या आसपास, रोज. कमी ५७, जास्त ६४.

आता बोका घरातून काढायचा आणि बघायचं. फरशी कोरडी राहिली तर दोषी बोका. म्हणून नऊ तारखेला तो ऐरोलीला.

आबांना मी खरं कारण सांगितलं नाही. तपासणीसाठी ठेवलाय म्हणालो.

सोमवारी चार वाजून पाच मिनिटांनी नीताचा फोन आला. "अहो, ओलं आहे."

"किती?"

"एकशे वीस."

दुप्पट! आणि इथेच माझी चूक झाली. मी विचार केला, एवढं बोक्याचं असूच शकत नाही, हे माणसाचंच. वजाबाकी केली, उत्तर लिहिलं, पावती फाडली. घरी येताना मेडिकलमधून मोठ्यांच्या डायपरचं पाकीट आणलं.

आबांना ते कसं सांगितलं ते इथे सगळं लिहीत नाही. मी म्हणालो, "आबा, वयानं होतं. लाजायचं काही कारण नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "आरं, म्या न्हाय केलं."

"झोपेत होत असेल. तुम्हाला कळत नसेल."

"झोपेत उठून अडीच फूट चालत जातोय व्हय? मला बाथरूमला जायाला भिंत धरावी लागती, विलास."

तरी पाकीट मी कॉटवर ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनी ते उचललं. "घालतो. पर उद्या आल्याव काढून वजन कर त्येचं. तुज्याकडं काटा हाय न्हवं? कर वजन. आन् मग बोल माज्याशी."

मंगळवारी फरशीवर एकशे चोवीस ग्रॅम. डायपर कोरडा. मी खरंच वजन केलं. पाकिटातल्या नव्याचं ब्याण्णव, आबांच्या अंगावरच्याचं ब्याण्णव. काढून ठेवला असेल मधेच, असंसुद्धा मी म्हणू शकलो असतो. आबांचा चेहरा बघून म्हणवलं नाही. त्या दिवशी ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. नीताला मात्र म्हणाले, "त्येला सांग, गावी जायाची येष्टी कितीची हाय ते बगून ठिव."

बुधवार, बारा तारीख. मी अर्धी रजा टाकली. अडीचला घरी पोचलो. फरशी माझ्या हाताने पुसली, वर टिश्यू दाबून बघितला, कोरडा. प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन फरशीपासून हातभर अंतरावर बसलो. आबा कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेले. तीन वाजले. सव्वातीन. शेवटी आबाच उठून बसले. "राखण करतोयस बापाची?"

"फरशीची करतोय," मी म्हणालो.

"मग म्याबी करतो."

आम्ही दोघं बसून राहिलो. बाल्कनीतून ऊन आत आलेलं, फरशी लख्ख दिसत होती. पंखा बंद ठेवला होता. घरात तिसरं कुणी नाही, दाराला आतून कडी.

तीन एक्केचाळीसला फरशीच्या मधोमध ओल आली.

वरून थेंब पडला नाही. सांध्यातून झिरपलं नाही, सांधे तर शेवटी ओले झाले. पांढऱ्या फरशीवर आधी रुपयाएवढा एक चकचकीत ठिपका दिसला. मग तो वाढला... बशीएवढा, ताटाएवढा. आवाज काही नाही. आणि मग वास आला. मी खुर्चीला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं, हे नंतर बोटं दुखल्यावर कळलं. वीस-बावीस सेकंद, त्यापेक्षा जास्त नाही. आणि मग थांबलं.

आबांनी हळूच हाक मारली, "मुकादम?"

मी डायरीत लिहिलं — ३.४१. अक्षर आज मलाच वाचता येत नाही.

अंगावर काटा वगैरे म्हणतात ते मला काही झालं नाही. मी नुसता बसून होतो. आबा शांत होते. म्हणाले, "कपडा आन. वजन कर." आणि मी, काय सांगू तुम्हाला, उठून खरंच वजन केलं. एकशे एकोणीस.

काटा बंद करतोय तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर मॅडम.

"सर, लगेच याल का? टेन्शन घेऊ नका, पण मुकादमने रविवारपासून लघवीच केलेली नाही. बोक्यांमध्ये हे डेंजरस असतं. आत्ता दहा मिनिटांपूर्वी ट्रेमध्ये बसला, मला वाटलं झालं एकदाचं... पण वाळू कोरडी आहे."

आबा म्हणाले, "म्याबी येतो." चार मजले लिफ्टने, मग ऐरोलीपर्यंत रिक्षा.

मुकादम पिंजऱ्यात मजेत होता. आबांना बघून उभा राहिला. मॅडमनी पोटाची सोनोग्राफी केली होती. "लघवीची पिशवी रिकामी आहे. पूर्ण रिकामी. म्हणजे अडकलेली नाहीये, तयारच होत नाहीये. पण ब्लड रिपोर्ट नॉर्मल येतोय, आणि पाणी तर भरपूर पितोय. मला काही कळत नाहीये, सर. किडनी बंद पडत असेल तर वाट बघता येणार नाही. सलाईन लावते, उद्या सकाळी भूल देऊन नळी घालू, थेंबभर तरी तयार होतंय का ते मोजायला. रिस्क आहे. पण नाही केलं तर जाईल तो."

पुढे फॉर्म आला. सही करायची होती.

मी विचारलं, "मॅडम, तो ट्रेमध्ये किती वाजता बसला?"

त्यांनी पिंजऱ्यावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मोबाईलवर दाखवलं. मुकादम वाळूत बसला. शेपटी थरथरली, जशी नेहमी थरथरते. मग उठून पंजाने कोरडी वाळू कोरड्या वाळूवर नीट ओढली. कोपऱ्यात वेळ होती : ३.४१. सोमवारचं आणि मंगळवारचंही होतं. तीच वेळ, तीच थरथर, कोरडी वाळू. ट्रेचं वजन करून मागितलं. रविवारी वाळू भरताना फाइलवर लिहिलं होतं त्यापेक्षा एक ग्रॅमही जास्त नव्हतं.

आता सही केली असती तर बोका भुलेत गेला असता. नाही केली तर कारण सांगावं लागणार होतं. बावीस वर्षांत काट्यावर मी कुणाला न पटणारी गोष्ट सांगितलेली नाही. आणि याच टेबलासमोर, याच बाईंनी घरात वयस्कर कोण आहे असं विचारल्यावर मी मान डोलावली होती.

मी डायरी उघडून त्यांच्यापुढे ठेवली. "तीन दिवसांत त्याची झालेली लघवी तीनशे त्रेसष्ट ग्रॅम. माझ्या घरी, हॉलमध्ये, ट्रेमध्ये व्हायची तीही धरून. आजची मी डोळ्यांनी बघितली. कशी ते मला माहीत नाही. पण मॅडम, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं ना... ते माझ्या वडिलांनी केलेलं नाही. हे मी तुमच्यासमोर सांगतो."

मॅडम डायरीकडे बघत होत्या, मग माझ्याकडे, मग आबांकडे. मला वेड लागलंय का हे त्या तपासत असाव्यात.

आबा म्हणाले, "त्येला घरी न्हेऊ द्या. त्यो घरीच मुततोय."

शेवटी मॅडमनी फॉर्म बाजूला सरकवला. "आज रात्री घरी न्या. सकाळपर्यंत ट्रे ओला झाला नाही तर मला सात वाजता फोन. मी थांबणार नाही मग."

घरी आल्यावर मुकादम टोपलीतून उतरला, त्या तिसऱ्या फरशीपाशी गेला, वास घेतला, आणि आबांच्या पायाशी जाऊन झोपला. सकाळी सहाला ट्रेमध्ये ओला गोळा होता. मी मॅडमना फोटो पाठवला. नीताला सगळं सांगितलं. ती डायपरचं पाकीट कॉटखालून काढून कचऱ्यात टाकून आली. मी आबांचे पाय धरले तेव्हा ते म्हणाले, "ऊठ. आदी त्येला खायाला घाल." गावच्या एसटीचं नाव पुन्हा निघालं नाही.

त्यानंतर ती फरशी एकदाही ओली झालेली नाही. प्लंबर, दवाखाना, माझ्या काट्यावरचे दोन इंजिनीअर... सगळ्यांना विचारून झालं. फेब्रुवारीत ते का सुरू झालं, आणि ऐरोलीहून कोपरखैरण्याला ते कसं आलं, मला सांगता येत नाही. वजनं डायरीत आहेत, कुणालाही दाखवायला तयार आहे.

सोळा तारखेला, रविवारी, उरलेलं बिल द्यायला गेलो. सोबत आबा, मांडीवर टोपलीत मुकादम. सोनोग्राफी हजार, रक्त तपासणी आठशे, वाळू दीडशे. एकूण एक हजार नऊशे पन्नास. मॅडमनी बिल वाचलं आणि पेनाने शेवटची ओळ खोडली.

"वाळूचे नको, सर," त्या म्हणाल्या. "ती वापरलीच नाही."

मी डॉक्टर मॅडमच्या हातात अठराशे रुपये दिले.