वांगणी येईपर्यंत

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, तर जव्हारच्या आमच्या सेवा क्लबच्या सेक्रेटरी सरांचे. दर रविवारी सकाळी मोबाइलवर मीटिंग असायची. सर माणसांना गावाच्या नावाने हाक मारत. "मोखाडा, पंखा बंद करा. वावर, तुमचा कोंबडा फार बोलतोय." ते ऐकायला मी अजून आसुसतो.

बारावीनंतर कॉलेजच्या खर्चासाठी क्लब एकाच मुलाला निवडणार होता. मुलाखती मीटिंगमध्येच होत्या. माझी पाळी आली आणि आमच्या वांगणीची रेंज गेली. मी टेकडीकडे पळत सुटलो. इकडे मीटिंगमध्ये काय झालं, ते एका सभासदाने नंतर सांगितलं.

"सर, पुढचं नाव घ्या."

"वांगणी येतोय. तोवर चहा घ्या."

"दुसरा कप झाला, सर."

"मग तिसरा घ्या."

पाऊण तासाने मी धापा टाकत जोडला गेलो, तेव्हा सगळे बसून होते.

आता सरांना ऐकू येत नाही, म्हणून ते मीटिंगला नसतात. परवा मी त्यांना पत्र पाठवलं:

"सर, सा. न. पदवी मिळाली. त्या दिवशी तुम्ही थांबला नसता, तर मी आईबाबांबरोबर वीटभट्टीवर गेलो असतो. घरात हा कागद कुणाला वाचता येत नाही. म्हणून पहिली झेरॉक्स तुम्हाला पाठवतोय. सावकाश वाचा."